तिला पीटीला घ्यायचं का, हे रोज ठरवा

पत्र थोडक्यात: प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी लिहिलं आहे. त्यांच्या एका वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला, अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. बरेच महिने शाळा बुडाली. आता मेंटेनन्सचे, म्हणजे आजार आटोक्यात आल्यावर तो परतू नये म्हणून दीर्घकाळ चालणारे उपचार चालू असताना ती परत आली आहे. येतानाच पालकांनी "मैदानावरच्या कोणत्याही खेळात घेऊ नये" अशी चिठ्ठी दिली आणि ती फाइलला लागली. तेव्हापासून पीटीच्या तासाला ती पायरीवर बसून गुण मांडते. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "सर, एकदाच पळू का?" त्यांनी नाही म्हटलं. ते लिहितात, "काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येणार. पण पोरीला अशी किती दिवस बसवून ठेवू? खेळू द्यावं की नाही? वर्गातल्या मुलांना काय सांगू? दोन महिन्यांवर क्रीडादिन आहे, त्याचं काय करू?"

सर,

"खेळू द्यावं की नाही" असं विचारलंत तर उत्तर "नाही"च येणार. पालकांना विचारा, मुख्याध्यापकांना विचारा, तिच्या डॉक्टरांना विचारा. वर्षभराची परवानगी एकगठ्ठा मागितली की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सगळ्यात वाईट दिवस आणि सगळ्यात धसमुसळा खेळ उभा राहतो, आणि तो हात वर करतो. प्रश्न लहान करा: आज, या तासाला, यातलं काय चालेल? मेंटेनन्समधल्या मुलीच्या बाबतीत बहुतेक दिवशी "बरंच काही" असं उत्तर मिळतं.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की ती बसून आहे तोवर सुरक्षित आहे. पडण्यापुरतं ते खरं आहे, पण बसण्याचीही किंमत असते. या उपचारात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड्स देतात. त्यांनी मांड्या आणि कमरेभोवतीचे स्नायू झिजतात, हाडं विरळ होतात. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने पावलांकडे जाणाऱ्या नसा कमजोर होतात. त्यात अंथरुणावर गेलेल्या महिन्यांनी पोटऱ्या आखडलेल्या असतात. हाडावर भार पडला तरच ते भरतं, स्नायू वापरला तरच परत येतो. आणि हा जो थकवा असतो तो झोपून जात नाही, उलट बेताच्या हालचालीने हलका होतो. कर्करोग झालेल्या मुलांच्या व्यायामाबद्दल २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांचाही रोख हाच आहे: उपचार चालू असतानाही मुलांनी हलावं, फक्त ते ज्याच्या त्याच्या तब्येतीला बेतून असावं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या विद्यार्थिनीसाठी तो आकडा सध्या बाजूला ठेवा. दहा मिनिटांपासून सुरुवात पुरे.

आता तिचं वेळापत्रक समजून घ्या, कारण सगळं त्यावर ठरतं. मेंटेनन्समध्ये साधारणपणे रोज मरकॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट असतं. अनेक उपचारपद्धतींत दर ४ ते १२ आठवड्यांनी व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आणि त्याला जोडून ५ दिवस स्टिरॉइड असतं. मधूनमधून पाठीच्या मणक्यातून औषध देतात. म्हणजे तिचा महिना सपाट नसतो. स्टिरॉइडच्या दिवसांत ती चिडेल, रडेल, सतत भूक लागेल, पाय दुखतील. स्टिरॉइड थांबल्यावरचे दोन-तीन दिवस कित्येक मुलांना सर्वांत जड जातात. मणक्यातल्या इंजेक्शनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उड्या, कोलांट्या, धावणं काही नको. उभं राहिल्यावर वाढणारी डोकेदुखी असेल तर घरी कळवा. उरलेल्या आठवड्यांत ती इतरांच्या बरीच जवळ असते. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा पालकांकडून घ्या आणि तुमच्या डायरीत लिहून ठेवा. एवढ्यानेच निम्मी भीती कमी होईल.

दुसरा भाग काउंटचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या संख्येचा. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साधारण दीड ते साडेचार लाख असतात. ५०,००० च्या वर असतील तर धक्काबुक्की नसलेल्या बहुतेक हालचाली चालतात. २०,००० ते ५०,००० मध्ये चालणं, ताण देणं, मऊ चेंडूची झेलाझेली एवढंच. पडण्याची, आपटण्याची शक्यता असलेलं काही नको. त्याखाली असतील तर रुग्णालय सांगेल तेवढंच, आणि अशा वेळी ती बहुधा शाळेत नसेलच. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास किंवा खाली असेल तर धाप लागते, चक्कर येते. न्यूट्रोफिल म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतील तर व्यायाम बंद करायचं कारण नाही. गर्दीचं बंदिस्त सभागृह आणि सर्दी-खोकल्याची मुलं टाळायची, सामाईक साहित्य हाताळल्यावर हात धुवायचे. हे आकडे ढोबळ आहेत. तिच्या रुग्णालयाने वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच धरा. जोरदार अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांसाठी काही डॉक्टर बरेच जास्त प्लेटलेट्स मागतात.

पण हे तुम्ही जाणून घ्या, वापरू नका. म्हणजे रिपोर्ट शाळेत मागवू नका. रक्ताचे आकडे वाचून निर्णय घेणं शिक्षकाचं काम नाही, आणि ते कागद स्टाफरूममध्ये फिरणंही बरं नाही. पालकांकडून फक्त एक रंग मागा. हिरवा: वर्गाचा नेहमीचा तास, फक्त तिच्या "नको"च्या यादीतल्या गोष्टी सोडून. पिवळा: निम्मा वेळ, धडक आणि पडणं नसलेलंच. लाल: आज आराम. रंग रोजनिशीत किंवा सकाळच्या मेसेजमध्ये येईल. ज्या दिवशी येणार नाही, आणि असे दिवस येणारच, तो दिवस पिवळा धरायचा. हे आधीच ठरलेलं असेल तर मैदानावर उभं राहून कुणाला फोन करायची वेळ येत नाही.

"नको"ची यादी डॉक्टरांकडून येईल. ती मिळवायची तर "खेळली तर चालेल का" असं विचारू नका; पालकांच्या हातून एका पानावर नेमके प्रश्न पाठवा. औषधासाठी शरीरात पोर्ट आहे, हिकमन लाइन आहे की दंडातली पिक लाइन? पावलांत कमजोरी आहे का, उड्या चालतील का? हाडांची किंवा सांध्यांची काही तक्रार आहे का? हृदयाची सोनोग्राफी कशी आहे, ताकदीच्या व्यायामाला मर्यादा आहे का? पोहायला हरकत आहे का? तासाला काही झालं तर कुणाला फोन करायचा? उत्तरांवर डॉक्टरांची आणि पालकांची सही घ्या. जबाबदारीची तुम्हाला काळजी आहे ना? "कशातच घेऊ नये" या चिठ्ठीपेक्षा हे पान तुमच्या जास्त बाजूने उभं राहील, कारण सध्याची चिठ्ठी ती जिना चढताना पडली तर काय करायचं हेही सांगत नाही.

पोर्ट म्हणजे कॉलरबोनच्या खाली कातडीआड बसवलेली छोटी डबी. जखम भरलेली असेल आणि सुई लावलेली नसेल तर बहुतेक खेळ चालतात. छातीवर थेट बसणारा लेदरचा चेंडू, बास्केटबॉलचा छातीवर मारलेला पास, कोपराचा फटका, हे टाळायचं. हिकमन लाइनची नळी छातीबाहेर लोंबते. तिथे ओढाओढीचा कुठलाही खेळ नको, पोहणंही नको. पिक लाइन असेल तर त्या हाताने जड उचलणं आणि वारंवार डोक्यावरून फेकणं नको.

ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांना डॉनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिन दिलेलं असतं. ही औषधं हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतात. धावण्या-चालण्याला सहसा अडचण नसते, पण श्वास रोखून सगळी ताकद लावणं, म्हणजे रस्सीखेच किंवा जड वजन, रुग्णालयाने हो म्हणेपर्यंत यादीबाहेर ठेवा.

मैदानावर तुम्ही स्वतः काय पाहाल? वॉर्म-अपमध्ये अख्ख्या वर्गाला टाचांवर दहा पावलं चालायला लावा, बोटं आभाळाकडे. मुलांना गंमत वाटते आणि कुणी वेगळं पडत नाही. तिच्या पावलाचा पुढचा भाग खाली कोसळत असेल, चालताना पाऊल "थप्प" असं वाजत असेल, किंवा बुटाचं टोक पुढून घासलेलं असेल तर व्हिन्क्रिस्टिनने पाऊल लुळं पडत असण्याची शक्यता आहे. अशी मुलं सपाट जमिनीवर अडखळतात आणि बाकीचे त्यांना वेंधळं म्हणतात. मग सगळ्यांना मांडी घालून बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. ती आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत स्वतःला वर ढकलत असेल तर मांड्यांचे स्नायू अजून भरायचे आहेत. निदान करू नका. पाहिलंत ते दोन ओळींत पालकांना कळवा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला ते उपयोगी पडतं, कारण दवाखान्याच्या खोलीत मूल चार पावलंच चालतं.

पहिले दोन आठवडे ५-५ मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये ३ मिनिटं बसणं. पहिल्या तुकड्यात चालणं, दिशा बदलत चालणं, मऊ चेंडू फेकणं-झेलणं. दुसऱ्यात ताकद: बाकावरून उठबस ६ ते ८ वेळा, भिंतीवर हात टेकून दंड ६ ते ८, भिंत धरून टाचा उचलणं १०, आणि पोटरीचा ताण प्रत्येक पायाला २० ते ३० सेकंद. त्यानंतर एका पायावर उभं राहणं, भिंत हाताशी ठेवून. जोर किती हे बोलण्यावरून ओळखा: खेळता खेळता पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. नाडी मोजत बसू नका. रक्त कमी असलं की ती तशीही जलद असते.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. ती नेहमीपेक्षा जास्त गळून गेली असेल तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा. ठीक असेल तर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा. आधी वेळ, मग वेग, उड्या सर्वांत शेवटी. इथे हमखास जे चुकतं ते हिरव्या दिवशी चुकतं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय म्हणून पोरगी पाऊण तास उधळते, तुम्हालाही आनंद होतो, आणि पुढचे दोन दिवस ती शाळेत येत नाही. मग घरचे म्हणतात, "बघा, पीटी झेपत नाही." हिरव्या दिवसालाही घड्याळ लावा.

खेळ बेतताना तिला सूट देऊ नका, नियम बदला. "ती सोडून सगळे पळतील" म्हटलं की ती पुन्हा पायरीवरच बसली, फक्त पायरी मैदानात आली. "आज कुणीच पळायचं नाही, फुटबॉल चालत खेळायचा" म्हटलं की सगळे सारखे होतात आणि खेळ भलताच चुरशीचाही होतो. पकडापकडीत हात लावण्याऐवजी खिशात खोचलेली पट्टी ओढायची, म्हणजे धक्का लागत नाही. मैदानाचे चौकोन पाडा, प्रत्येकाने आपल्याच चौकोनात खेळायचं. चामड्याच्या चेंडूऐवजी स्पंजचा घ्या. लंगडी, दोरीच्या उड्या, उंचावरून उडी, हे पाय आणि हाडांचं उत्तर येईपर्यंत कुणालाच नको, म्हणजे तिच्या गटाला तरी नको. गुण मांडणं हा खेळ नव्हे; लाल दिवशी तिला हवं असेल तरच.

किरकोळ दिसणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी: मेथोट्रेक्सेट आणि संसर्ग टाळण्यासाठी देतात ते को-ट्रायमॉक्साझोल यांनी त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून सावलीचा कोपरा, टोपी, सनस्क्रीन. अनवाणी नको. पावलाला बधिरपणा असेल तर काटा टोचलेला कळतही नाही. पायाला आधाराची पट्टी असेल तर ती मावेल असा बूट. टोपी किंवा स्कार्फ काढायला लावू नका, गणवेशाचा नियम तिथे शिथिल करा. कपडे बदलायला आडोसा द्या. आणि तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी बदली शिक्षकाला यातलं काही माहीत नसतं. अर्ध्या पानाची सूचना हजेरीपटाच्या आत चिकटवून ठेवा.

तास तिथेच थांबवून फोन करायची कारणं मोजकी आहेत. अंग तापलंय असं वाटलं आणि ताप ३८ अंश सेल्सियस (१००.४ फॅरेनहाइट) किंवा रुग्णालयाने दिलेल्या आकड्याइतका भरला, तर लगेच पालकांना फोन. प्रथमोपचार पेटीतली पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही. ताप दबतो, संसर्ग नाही, आणि या मुलांत तो काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. घोळणा फुटला तर बसवून पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं न सोडता दाबून धरा. मध्ये उघडून पाहण्याचा मोह होतो, तो आवरा. तेवढ्याने थांबलं नाही तर रुग्णालय. डोक्याला लागलं तर कितीही कमी वाटलं तरी कळवा. लाइन निसटली तर त्या जागी स्वच्छ गॉज दाबून धरा आणि फोन. जांघेत, कमरेत किंवा गुडघ्यात टिकून राहणारं दुखणं, लंगडणं याला "वाढीचं दुखणं" म्हणू नका. स्टिरॉइडने हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, दहा वर्षांवरच्या मुलांत जास्त. उड्या बंद, घरी निरोप. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर तिच्या घरी त्याच दिवशी कळवा. संपर्कानंतरच्या संरक्षक उपचाराला मुदत असते: गोवरासाठी ६ दिवस, कांजिण्यांसाठी शक्यतो ४ दिवसांच्या आत.

आता पालक. ती चिठ्ठी कधी लिहिलेली आहे ते बघा. शाळेत परतण्याच्या आठवड्यात लिहिलेली चिठ्ठी त्या आठवड्याच्या भीतीने लिहिलेली असते. "परवानगी द्या" म्हणून जाऊ नका. "तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते?" असं विचारा. कुणाला पडण्याची वाटते, कुणाला जंतूंची, आणि कुणाला स्टिरॉइडने सुजलेल्या चेहऱ्यावरून मुलं हसतील याची. तिन्हींवर उपाय वेगळा आहे. मग वर सांगितलेलं पान आणि रंगांची पद्धत त्यांच्यापुढे ठेवा आणि पहिल्या तासाला त्यांना कुंपणाबाहेरून बघायला बोलवा. तरीही ते नाही म्हणाले तर महिनाभर पोटरीचे ताण आणि झेलाझेलीवर थांबा. तेवढ्याला सहसा कुणाची ना नसते.

वर्गाला काय सांगायचं हे आधी तिला विचारून ठरवा. तिला काहीच सांगायचं नसेल तर काहीच सांगू नका. सांगायचं असेल तर तीन गोष्टी पुरतात: हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही, औषधांनी तिला काही दिवस थकवा येतो, तिच्या अंगावर धडकायचं नाही. जोडीदार द्या, पण आठवड्याला बदला, नाहीतर एकाच मैत्रिणीची नोकरी होते. आणि तिच्याशी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ टोपीला हात. ती खूण दिसली की ती बाजूला होईल, कुणी "काय झालं?" विचारणार नाही. थांबता येतं हे ठाऊक असलेलं मूल स्वतःला ओढत राहत नाही.

अशाच प्रश्नाने वाचणाऱ्या इतर शिक्षकांसाठी थोडं. मेंदूच्या गाठीनंतर तोल जातो, कधी एका बाजूचं दिसत नाही. चेंडू दिसणाऱ्या बाजूने येईल असं उभं करा. झटके येत असतील तर उंच चढणं आणि सोबतीशिवाय पोहणं नाही. हाडाच्या गाठीनंतर पायात धातूचा सांधा बसवलेला असेल तर धावणं-उड्यांचा निर्णय शल्यचिकित्सकांचा. हातांचे व्यायाम, फेकीचे खेळ सहसा खुले असतात. एक मूत्रपिंड काढलेलं असेल तर पोटाला-कुशीला फटका बसणारे खेळ विचारूनच. सिस्प्लॅटिन हे औषध घेतलेल्या बऱ्याच मुलांना उंच पट्टीचे आवाज नीट ऐकू येत नाहीत, आणि शिट्टीही उंच पट्टीतच वाजते. हाताची खूणही करा, उगाच "ऐकत नाही" म्हणून ओरडू नका.

राहता राहिला क्रीडादिन. तिचं नाव आत्ताच घाला, पण अशा प्रकारात, जिथे सकाळी लाल रंग आला तर संघ मोडणार नाही: चालण्याची रिले, नेम धरून चेंडू फेकणं. रिलेच्या प्रत्येक संघात एक राखीव नाव सगळ्यांसाठीच ठेवा, फक्त तिच्या संघात नको. सराव स्टिरॉइडच्या आठवड्यात येणार नाही असा लावा, आणि मुख्य दिवस त्या आठवड्यात येत असेल तर तिला आणि पालकांना आजच सांगा. निवेदन करणाऱ्याला बजावून ठेवा की तिच्या आजाराचा माइकवर उल्लेख करायचा नाही, शूर मुलगी वगैरे तर नाहीच. आणि ती "एकदाच पळू का" म्हणाली होती ते: पान सही होऊन आलं, त्यात धावायला हरकत नसली, की पहिल्या हिरव्या दिवशी मऊ मातीवर वीस मीटर, पाच-सहा मुलांसोबत. शर्यत लावू नका.